लागण होणं वेगळं, आजार गंभीर होणं वेगळं

"मला शुगर आहे ना, म्हणून मला व्हायरल लगेच होतं." हे वाक्य इतक्यांदा कानावर पडतं की आता नीट सोडवून सांगायलाच हवं. लागण होण्याचा धोका आणि लागण झाल्यावर आजार गंभीर होण्याचा धोका यांची सतत गल्लत होते, आणि मग काळजी भलत्याच ठिकाणी घेतली जाते.

लागणीबद्दल फार सांगायची गरज नाही. विषाणूशी गाठ किती जवळून आणि किती वेळ पडली, शरीराला त्याची आधीची ओळख आहे का, यावर ती मुख्यतः ठरते.

जुनं दुखणं आपला हिसका दाखवतं ते त्यानंतर. समजा, मधुमेह असलेल्या माणसाला फ्लू झाला. तापात शरीर कॉर्टिसोल आणि ॲड्रेनालिन सोडतं. ही संप्रेरकं यकृताला रक्तात साखर सोडायला लावतात आणि इन्सुलिनचा परिणाम कमी करतात. त्यामुळे दोन दिवस पोटात धड काही गेलेलं नसतानाही ग्लुकोमीटरवर एरवीच्या 130 ऐवजी 280 दिसतात. घरचे चक्रावतात. कित्येकदा तर 'खात नाहीत' म्हणून इन्सुलिन परस्पर बंद करतात, आणि घात होतो तो इथे. साखर अशी चढलेली असली की पांढऱ्या पेशी सुस्तावतात, जंतू गिळायचं त्यांचं काम मंदावतं आणि फ्लूच्या मागोमाग बॅक्टेरियाचा न्यूमोनिया शिरू शकतो. डोस किती हे डॉक्टरांना विचारा, पण स्वतःच्या मनाने इन्सुलिन थांबवू नका.

हृदयाचंही तसंच. ताप एक अंश सेल्सिअसने चढला की नाडी साधारण 10 ठोक्यांनी वाढते. धडधाकट हृदय ते निभावून नेतं, थकलेल्या हृदयाला ते झेपत नाही. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका अभ्यासात, फ्लूचं निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हार्ट ॲटॅकचं प्रमाण एरवीच्या सहापट आढळलं होतं. सीओपीडीत, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या जुनाट आजारात, फुप्फुसांची राखीव ताकद आधीच संपत आलेली असते.

म्हणूनच सरसकट 'इम्युनिटी कमी आहे' म्हणणं मला अजिबात पटत नाही. बऱ्याचदा कमी असते ती ही राखीव ताकद, आणि ती कुठल्याही काढ्याने किंवा गोळीने आठवड्यात भरून येत नाही. अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं किंवा केमोथेरपी चालू असेल तर गोष्ट निराळी. तिथे प्रतिकारशक्ती खरोखरच दबलेली असते आणि दोन्ही धोके वाढतात.

"लस घेऊनही फ्लू झालाच, मग उपयोग काय?" हा प्रश्नही याच गोंधळातून येतो. लागण टळली नसेल, पण फ्लूच्या लशीचं मोठं काम आजार हाताबाहेर जाऊ न देण्याचं आहे. असाच गोंधळ 2020 मध्येही झाला: रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी कोविड बळावेल या भीतीने काहींनी त्या सोडल्या. त्या गोळ्यांनी कोविड बळावतो हे पुढच्या चाचण्यांत दिसलं नाही. गोळ्या सोडल्यावर रक्तदाब मात्र वाढतोच.

'दोन दिवस वाट बघू' हे निरोगी तरुणाला चालतं. जुना आजार असेल तर ताप आला त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा आणि आपले आजार, चालू औषधं आधी सांगा. फ्लूवरच्या ओसेल्टामिव्हिर या औषधाचा सर्वाधिक फायदा लक्षणं दिसल्यापासून 48 तासांच्या आत मिळतो, आणि ते दोन दिवस वाट बघण्यातच निघून जातात.