पियानोतले बीड: वाजते की गप्प बसते?

पियानोत लोखंड शिरले ते ताण पेलण्यासाठी. आवाजाचा विचार नंतरचा. तारा जाड झाल्या तशा लाकडी सांगाड्यांना पीळ बसू लागला. आधी सुट्या लोखंडी पट्ट्या ठोकून भागवले गेले. १८२५ मध्ये बॉस्टनला चौकोनी पियानोसाठी एकसंध ओतीव लोखंडाच्या, म्हणजे बिडाच्या, चौकटीचे पेटंट निघाले, १८४३ मध्ये तिथेच ग्रँडसाठी, म्हणजे आडव्या तारांच्या मोठ्या पियानोसाठी. पियानो बनवणाऱ्या युरोपातल्या जुन्या घराण्यांनी नाक मुरडले: लोखंडाने आवाज पत्र्यासारखा होतो! पुढे १८५९ च्या न्यूयॉर्कच्या पेटंटाने ग्रँडमध्ये खर्जाच्या तारा बाकीच्या तारांवरून तिरक्या नेल्या आणि १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात अमेरिकी पियानोंना सुवर्णपदके मिळाली. त्यानंतर कुरकुर बरीच ओसरली. आज कॉन्सर्ट ग्रँडमधल्या सुमारे २३० तारांचा एकूण ताण वीस टनांच्या घरात जातो.

या बिडाच्या चौकटीला 'प्लेट' म्हणतात. खरा घोळ आहे तो 'घंटेसारखी वाजणारी प्लेट' या शब्दांचा. विक्रेते ते सर्रास वापरतात. त्यात भर म्हणजे काही ग्रँडमध्ये तार सप्तकाच्या कोपऱ्यात, प्लेटला पियानोच्या काठाशी बांधणारा एक ओतीव तुकडा असतो, त्याला कारागीर 'बेल'च म्हणतात. पण ते नाव आकारावरून पडले आहे, त्याचे काम घट्ट धरून ठेवण्याचे. घंटा काशाची ओततात, बिडाची नव्हे. काशाच्या वाटीवर टिचकी मारली तर ती गुणगुणत राहते. ओट्यावरचा बिडाचा तवा 'ठक्' करून गप्प होतो. बिडातले ग्रॅफाइटचे बारीक पापुद्रे कंपने जिरवतात. प्लेटकडून हेच हवे असते. तारेची ताकद ब्रिजवरून (तारा टेकतात त्या लाकडी पट्टीवरून) साउंडबोर्डात, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या लाकडी फळीत, उतरली पाहिजे, दुसऱ्या टोकाला लोखंडात मुरता कामा नये. सर्वांत वरच्या सुराची वाजती तार जेमतेम पाच सेंटिमीटर असते. तिच्यावर दाबून बसलेली प्लेटची आडवी धार जरा लवचीक निघाली, तर सूर उमटताच विझतो.

प्लेटच्या पट्ट्यांचा उपद्रव मात्र खरा. पट्टी आली की तारांच्या रांगेत खंड पडतो आणि तो सांधा ओलांडताना सुराचा पोत बदललेला ट्यूनरच्या कानाला टोचतो. लंडनमध्ये १८८८ साली पट्ट्याच नसलेली पोलादी चौकट निघाली ती याच त्रासापायी. ती रूढ झाली नाही.

अलीकडचा वाद ओतकामाचा. १९७० च्या दशकात जपानमध्ये निर्वात साच्याची पद्धत आली: कोरडी वाळू, वर प्लास्टिकचा पापुद्रा, हवा खेचून साचा घट्ट. प्लेट गुळगुळीत आणि मापात येते, घासकाम वाचते. जुन्या, ओल्या वाळूत ओतलेल्या प्लेटचे भक्त या नव्या प्लेटला 'जास्त खणखणणारी' म्हणतात. तारेवर आपटणाऱ्या हातोडीवरची लोकर बदलली तरी याहून मोठा फरक पडतो, हे ते सांगत नाहीत.

तारांची दिशा हा त्यामानाने कितीतरी मोठा निर्णय. २०१५ मध्ये लंडनला सरळ तारांचा नवा कॉन्सर्ट ग्रँड लोकांसमोर आला. खर्ज आणि मधले सूर त्यात वेगवेगळे ऐकू येतात. बीड त्यातही आहेच.