फळमाशी : जनुकीय व पारिस्थितिक वैविध्य

टेफ्रिटिडी कुळातील, फळाच्या सालीखाली अंडी घालणारी माशी. पिकल्या केळ्यांभोवती घोंगावणारी चिलटे निराळ्या कुळातली. बागायतदाराला छळते ती ही. अंड्यांतून निघालेल्या आळ्या गर खातात, फळ गळते आणि आळी मातीत शिरून कोषात जाते. आंब्यातला साका (गर पांढरट, स्पंजासारखा होणे) मात्र हिच्यामुळे होत नाही, ती फळाच्या शरीरक्रियेतली विकृती आहे.

बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस या आशियाई जातीचे वैविध्य शास्त्रज्ञांनाही बराच काळ चकवत राहिले. छातीचा रंग काळा की तांबूस, नराचे जननेंद्रिय किती लांब, अशा लक्षणांवरून आग्नेय आशियात पपाये आणि फिलिपिनेन्सिस या निराळ्या जाती मानल्या गेल्या. २००३ मध्ये केनियात सापडलेल्या माशीलाही २००५ मध्ये इन्व्हाडेन्स हे स्वतंत्र नाव मिळाले. पुढे जनुके, गंधद्रव्ये आणि संकराच्या चाचण्या ताडून पाहिल्यावर या साऱ्या एकच ठरल्या, आणि २०१५ मध्ये ती नावे डॉर्सालिसमध्ये विलीन झाली. कॅरम्बोले ही जवळची जात तेवढी वेगळी राहिली. हा केवळ नावांचा घोळ नव्हता. कोणत्या देशाचे फळ अडवायचे हे विलगीकरणाच्या (आयात मालातली कीड रोखण्याच्या) यादीतील जातिनामावरून ठरते. फळमाशीच्याच कारणावरून २०१४ मध्ये युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर बंदी घातली होती. ती २०१५ मध्ये उठली.

महाराष्ट्रातल्या बागेत अडचण उलटी असते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या ‘रक्षक’ सापळ्यात मिथाइल युजेनॉल या गंधद्रव्याच्या वासाने नर येतात, पण ते सगळे एकाच जातीचे असतीलच असे नाही. डॉर्सालिसच्या पंखाच्या पुढच्या कडेला सलग काळसर पट्टी असते. झोनाटा आणि करेक्टा या तिच्याच प्रजातीतल्या इतर जाती. झोनाटा तांबूस, तिच्या पंखाच्या टोकाशी नुसता ठिपका. करेक्टाच्या पंखावरची पट्टीही तुटक असते. काकडी-कारल्यावरची फळमाशी झ्यूगोडॅकस कुकरबिटी या वासाकडे फिरकत नाही, तिला क्यूल्युअर हे दुसरे गंधद्रव्य लागते. त्यामुळे वेलभाज्यांच्या मळ्यात आंब्याचाच सापळा टांगून उपयोग नाही.

प्रसारातही हे वेगळेपण दिसते. झोनाटाने इजिप्तच्या रुक्ष हवेत बस्तान बसवले, तर केनियातील आंब्यावर डॉर्सालिसने तिथल्या मूळच्या सेराटायटिस कोसिरा या फळमाशीला बरेच मागे रेटले. एका जातीतले नरही सारखे नसतात. मिथाइल युजेनॉलला न भुलण्याचा गुण काही अंशी आनुवंशिक असल्याचे प्रयोगशाळेतील निवडीत दिसले आहे. म्हणून नर पकडण्यासोबत गळलेली फळे वेचून खोल पुरणेही चालू ठेवावे लागते.