मान वळते, जग का वळत नाही?

वर्तमानपत्र समोर धरा आणि 'नाही' म्हणताना हलवतो तशी मान हलवत मथळा वाचा. वाचता येतो. आता मान स्थिर ठेवून कागद तेवढ्याच वेगाने हलवा. अक्षरांचा नुसता पट्टा होतो. हलणं सारखंच, मग हा फरक कुठून आला?

१९व्या शतकात हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने या कोड्याला हात घातला, तोही एका बोटाने. डोळा बाजूने हलकेच दाबला की समोरचं दृश्य सरकतं. तोच डोळा आपण स्वतः वळवला तर सरकत नाही. म्हणजे डोळा वळवायचा हुकूम सुटतो तेव्हाच मेंदूला त्याची खबर असते, असं त्याचं म्हणणं. पण हुकूम सुटलाच नाही आणि आपण बसलोय ती गाडीच वळली, तर?

एर्न्स्ट माख या ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञाचं कुतूहल आगगाडीतच जागं झालं. वळणावर त्याला बाहेरची घरं-झाडं तिरपी दिसली. मग प्रागमध्ये त्याने माणसाला बसवून फिरवायची खुर्चीच बनवली. कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका कापल्या की कबुतर डोकं हलवत राहतं, हे फ्लुराँस या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १८२०च्या दशकातच पाहिलं होतं. अर्थ लागायला पन्नास वर्षं गेली. १८७३ ते १८७५ मध्ये माख, व्हिएन्नाचा ब्रॉयर (हाच पुढे फ्रॉइडबरोबर हिस्टेरियावर लिहिणारा) आणि एडिनबराचा क्रम ब्राउन हा चक्क रसायनशास्त्रज्ञ, तिघेही आपापल्या वाटेने एकाच उत्तरावर आले: डोकं वळतं तेव्हा नलिकांतला द्रव मागे रेंगाळतो, आणि वळणं कळतं ते त्यामुळे. फुगडी थांबल्यावरही घर गरगरतं, कारण तो द्रव लगेच थांबत नाही.

या नलिकांपासून डोळ्याच्या स्नायूंपर्यंतची सर्वांत छोटी वाट तीनच चेतापेशींची. लोरेंते दे नो या स्पॅनिश चेताशास्त्रज्ञाने ती १९३३ मध्ये मांडली. मान एकीकडे वळली की साधारण १० मिलिसेकंदांत डोळे उलट दिशेला वळू लागतात, म्हणून मान हलली तरी मथळा वाचता येतो. नुसत्या नजरेच्या भरवशावर राहिलं तर एवढ्या वेळात काही जमत नाही.

ही व्यवस्था बंद पडली तर काय होतं, ते १९५२ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरनेच लिहिलं. क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनने त्याच्या कानातली ही यंत्रणा निकामी झाली होती. अंथरुणात पडून वाचायचं तर डोकं पलंगाच्या लोखंडी गजांमध्ये घट्ट अडकवावं लागे. नाहीतर नाडीच्या प्रत्येक ठोक्याला पानावरची अक्षरं उडत.