दोन ईपीएबीएक्स जोडताना

एक्स्टेंशन संपली की नवा मोठा ईपीएबीएक्स (ऑफिसातलं अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंज) घेण्याऐवजी जुन्याच्या जोडीला दुसरा बसवून दोन्हींमध्ये टाय लाइन, म्हणजे दोघांना थेट जोडणारी लाइन, टाकता येते. एक्स्टेंशन लगेच वाढतात. पण एकीकडून दुसरीकडे एका वेळी किती जण बोलू शकतील, हे त्या लाइनवरच ठरतं.

टाय लाइन ई-1 या डिजिटल दुव्याची असेल, तर त्यात सेकंदाला 64 किलोबिटचे 32 भाग असतात. शून्याचा ताळमेळासाठी, सोळावा सिग्नलिंगसाठी. बोलायला उरतात 30 चॅनल. गर्दीच्या तासात तीन-तीन मिनिटांचे 200 कॉल पलीकडे जात असतील, तर ती 600 मिनिटं, म्हणजे 10 अरलांग (सरासरी एका वेळी दहा कॉल चालू). तेवढ्यासाठी दहा चॅनल पुरतील असं वाटतं, पण कॉल रांगेत येत नाहीत, एकदम येतात. शंभरात एकाहून जास्त कॉल अडू नयेत असं म्हटलं, तर 18 लागतात.

दोन ई-1 पोर्ट थेट जोडायला क्रॉस केबल हवी: 1 ची तार 4 ला, 2 ची 5 ला, आणि उलट. सेटिंगमध्ये एक बाजू नेटवर्क, दुसरी युजर ठेवायची. सीआरसी-4 (चुका पकडणारी तपासणी) दोन्हीकडे सारखं ठेवायचं. घड्याळ एकाचंच चालवायचं, दुसऱ्याने ते लाइनवरून घ्यायचं. दोघं आपापल्या घड्याळावर राहिले आणि त्यांत दहा लाखांत एका भागाचा फरक असला, तरी सुमारे दर 125 सेकंदांनी एक फ्रेम (32 भागांची एक फेरी) गळते किंवा दोनदा येते; यालाच स्लिप म्हणतात. बोलताना बारीक ‘टक्’ होतं, ते कोणी मनावर घेत नाही. फॅक्स मात्र अर्ध्यावर तुटतो. फॅक्सची तक्रार आली की मशीन उघडण्याआधी स्लिप काउंटर बघावा.

सर्वांत जास्त डोकेदुखी नंबरांची. पहिल्याकडे 2 ने सुरू होणारे, दुसऱ्याकडे 3 ने, अशी स्वच्छ वाटणी हवी. समजा, 350 कुठेच नाही. पहिला तो दुसऱ्याकडे ढकलतो; दुसऱ्याला सापडला नाही आणि त्याचा डिफॉल्ट रूट (न सापडलेले नंबर पाठवायची वाट) टाय लाइनवरच असला, तर तो परत पाठवतो. प्रत्येक फेरीला एक चॅनल अडतं, आणि एका चुकलेल्या नंबरापायी तीसच्या तीस भरतात. म्हणून टाय लाइनवरून आलेला कॉल त्याच लाइनवरून परत जाऊ द्यायचा नाही, हा नियम दोन्हीकडे घालावा आणि मुद्दाम नसलेला नंबर फिरवून तपासावा.

ई-1 ऐवजी एसआयपी ट्रंक, म्हणजे डेटा नेटवर्कवरून कॉल नेणारा दुवा, घेतला, तर घड्याळाची ही कटकट जाते. मात्र जी.711 (आवाज 64 किलोबिटमध्ये बसवण्याची पद्धत) च्या प्रत्येक कॉलला इथरनेटवर प्रत्येक दिशेला सेकंदाला सुमारे 87 किलोबिट धरावे, 64 नव्हे.