सेकंदांचे मीटर कसे होतात?

समुद्रतळाखाली काय दडलंय हे पाहायची नेहमीची रीत म्हणजे जहाजावरून आवाज करायचा आणि खालच्या थरांवरून परतणारे प्रतिध्वनी नोंदवायचे. त्यातून उमटणारं चित्र देखणं असतं, पण त्याच्या उभ्या अक्षावर मीटर नसतात, सेकंद असतात. एखादा थर पाच सेकंदांवर दिसतो, म्हणजे नेमका किती खोल? मधल्या खडकातून लहर किती वेगाने गेली हे कळल्याशिवाय सांगता येत नाही. आणि तो वेग खात्रीने मोजायचा तर खडकात उतरावंच लागतं.

म्हणून समुद्रतळात खोदलेल्या विवरात केबलच्या टोकाला बांधून जिओफोन, म्हणजे खडकाची बारीक थरथर टिपणारं उपकरण, सोडतात. आधी चारेक हजार मीटर पाणी, मग गाळ, मग बेसाल्ट. ठरलेल्या खोलीवर उपकरणाची भुजा उघडते आणि ते विवराच्या भिंतीला घट्ट दाबून धरते. लगेच केबल थोडी सैल करतात, कारण वर जहाज लाटांवर हेलकावत असतं आणि ताठ केबलमधून तो प्रत्येक हेलकावा जिओफोनपर्यंत पोचतो. माझ्या मते सगळं काम या पकडीवर तरतं. ती ढिली असेल तर उपकरण स्वतःच थरथरतं, आणि ती थरथर नंतर संगणकावर कितीही खटपट केली तरी पुरती निघत नाही.

मग पाण्यात टांगलेली एअरगन दाबलेली हवा एका झटक्यात सोडते. त्याआधी निरीक्षक आसपास देवमासे नाहीत ना हे पाहतात. दिसले तर काम थांबतं, आणि ते थांबायलाच हवं. एकाच खोलीवर अनेक बार काढून त्यांच्या नोंदींची बेरीज करतात. १६ नोंदी मिळवल्या की खरा संकेत १६ पट होतो, पण आडवातिडवा गोंगाट साधारण चौपटच वाढतो. मग उपकरण २५ मीटर वर, आणि पुन्हा तेच.

आता अशा दोन लगतच्या नोंदी शेजारी ठेवून पाहा. ४,००० मीटर पाणी ओलांडायलाच लहरीला जवळपास २.७ सेकंद लागलेत. पण आपल्याला हवा आहे तो दोन नोंदींमधला फरक. बेसाल्टमध्ये लहरीचा वेग सेकंदाला ५,००० मीटर धरला, तर २५ मीटरांसाठी फक्त ५ मिलिसेकंद! लहरीची पहिली चाहूल टिपताना एका मिलिसेकंदाची चूक झाली, की ५,००० च्या जागी ६,२५० तरी येतात नाहीतर ४,१६७. म्हणूनच ही पहिली चाहूल टिपताना डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं.

यापुढचा भाग मला सगळ्यात सुंदर वाटतो. उपकरण जितकं खोल, तितकी वरून थेट येणारी लहर उशिरा पोचते. खालच्या थरावरून परतणारी मात्र तितकी लवकर. सगळ्या नोंदी खोलीच्या क्रमाने मांडल्या की दोन तिरप्या रेषा दिसतात, एक इकडे कललेली, दुसरी तिकडे. कल उलटे असल्यामुळे गणिताने त्या वेगळ्या काढता येतात. आणि जिथे दोन्ही मिळतात, तिथेच तो थर असतो, मीटरमध्ये मोजलेल्या खोलीवर.

काही विवरांत भूकंपमापक मुक्कामालाच ठेवतात. १९९८ मध्ये हवाईजवळ, सुमारे ४,४०० मीटर पाण्याखाली, तळाच्या जवळपास २५० मीटर खाली एक बसवला होता. तिथे विवरातल्या पाण्याच्या हालचालीचाच गोंगाट नोंदींत शिरला. जपानी शास्त्रज्ञांनी आपल्या विवरांत भूकंपमापकाभोवती सिमेंट भरलं. पुन्हा प्रश्न पकडीचाच.

जपानजवळच्या समुद्रतळातल्या नानकाई खंदकापाशी २०१० मध्ये अशीच उपकरणं तळाखाली सुमारे ९०० मीटरपर्यंत बसवली आणि २०१३ मध्ये ती समुद्रतळावरच्या केबलला जोडली. तिथल्या विवरांतल्या पाण्याच्या दाबाच्या नोंदींतून २०१७ मध्ये पुढे आलं की खंदकाजवळची भेग दर ८ ते १५ महिन्यांनी हळूच, जमीन न हादरवता, काही दिवस ते काही आठवडे सरकत राहते. प्लेटच्या, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्याच्या, एकूण सरकण्यातला ३० ते ५५ टक्के भाग तिथे असाच, गाजावाजा न करता उरकतो.