चुन्याच्या वाटा: मेघालयातल्या गुहा, उभ्या शिळा आणि पायी चालण्याचा इतिहास

दिवाळी उलटली की महाराष्ट्रातून मेघालयाच्या सहली निघतात. सोहऱ्याजवळची, म्हणजे चेरापुंजीजवळची, मावस्माईची गुहा त्यांत असतेच. आत दिवे आहेत, वाट बांधलेली आहे. काही मिनिटांत माणूस दुसऱ्या तोंडाने बाहेर पडतो आणि गाडी पुढच्या धबधब्याकडे निघते. नारतियांगच्या शिळा बहुतेकांच्या कार्यक्रमात नसतात, कारण त्या जैंतिया डोंगरांत, वेगळ्या दिशेला आहेत. डेव्हिड स्कॉटच्या नावाची पायवाट एखाद्या गटाच्या वाट्याला येते. अशी तीन सुटी स्थळे पाहून आपण परततो. पण हा प्रदेश पायी ओलांडणाऱ्यांनी घडवला आहे, आणि त्या चालण्यामागे बऱ्याचदा चुना होता. हे लक्षात घेतले की गुहा, शिळा आणि वाटा एकाच गोष्टीत बसतात.

आधी दगडाचे बघू. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला गुहा म्हटले की लेणे आठवते, म्हणजे काळ्या पाषाणात छिन्नीने खोदलेली जागा. मेघालयाच्या दक्षिण कडेला खडक वेगळा आहे. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ समुद्र होता आणि त्याच्या तळाशी साचलेल्या शिंपल्या-कवचांपासून चुनखडकाचे जाड थर तयार झाले. भूगर्भशास्त्रात त्यांना सिल्हेट चुनखडक म्हणतात. त्यात न्यूम्युलाइट नावाच्या सूक्ष्मजीवांची नाण्यांसारखी गोल कवचे नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. पुढे जमीन उचलली गेली आणि बंगालच्या उपसागरावरून येणारे ढग ज्याला थेट धडकतात असा कडा उभा राहिला. सोहऱ्यात वर्षाला सरासरी साडेअकरा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत तिथे २६,४६१ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हे पाणी किंचित आम्ल होते, चुनखडकाच्या भेगांत शिरते आणि खडक विरघळवत जाते. भेगेची फट होते, फटीची नळी, नळीचे भुयार. पाऊस इतका आणि खडक असा विरघळणारा, म्हणून भारतातल्या सर्वांत लांब गुहा इथे आहेत. जगातल्या सर्वांत ओल्या ठिकाणांपैकी एक असलेल्या सोहऱ्यात हिवाळ्यात पाण्याची ओढाताण होते, त्याचे एक कारणही हेच. पाणी वर थांबत नाही.

या चुनखडकाला पहिले गिऱ्हाईक मिळाले ते खालच्या सपाटीवर. बंगाल गाळाचा प्रदेश आहे, तिथे बांधकामाचा दगड नाही. विटा भाजता येतात, पण त्या जोडायला चुना लागतो. तो खासी डोंगरांच्या पायथ्याहून, आज बांगलादेशात असलेल्या सिल्हेटमार्गे यायचा. १७७८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने रॉबर्ट लिंडसेला सिल्हेटमध्ये नेमले. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे तो सरकारी कामासोबत स्वतःचा व्यापारही करायचा, आणि चुना हा त्याच्या व्यापाराचा मोठा भाग होता. कोरड्या दिवसांत डोंगराच्या कडेला दगड फोडायचा, नदीकाठी आणून रचायचा आणि पावसाळ्यात पूर आला की नावांत भरून खाली सोडायचा. भट्ट्या सुरमा नदीच्या काठी, छातकच्या आसपास होत्या. तिथला चुना पार कलकत्त्यापर्यंत जायचा. पुढे हा धंदा मुख्यत्वे इंग्लिस या घराण्याकडे गेला आणि एकोणिसाव्या शतकाचा मोठा काळ त्यांच्या हाती राहिला.

डोंगर आणि सपाटी यांच्यातले दळणवळण कंपनीच्या आधीपासून होते. खासी लोक संत्री, मध, सुपारी, लोखंड पाठीवरच्या शंकूच्या आकाराच्या टोपलीत घालून, कपाळावरून पट्टा घेऊन खालच्या बाजारात उतरायचे आणि तांदूळ, मीठ, सुकी मासळी घेऊन चढायचे. नाँगरियाटच्या दुमजली जिवंत पुलाकडे जाताना हजारो पायऱ्या उतराव्या लागतात. अशा वाटांवर हे ओझे कसे चालले असेल याचा अंदाज तिथे गुडघ्यांना येतो. रबराच्या झाडाची मुळे ओढ्यापलीकडे वळवून केलेले ते पूल याच रोजच्या ये-जा करणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वाढवले. पावसाळ्यात लाकूड कुजते, मूळ कुजत नाही.

या वाटांवर अंतर सांगण्याची एक पद्धत होती, आणि आपल्याकडच्या पानदान ओळखणाऱ्या वाचकाला ती आवडेल. खासी लोक सुपारी, पान आणि चुना एकत्र चघळतात. पाहुणा आला की आधी तेच पुढे केले जाते. एखादे गाव किती लांब आहे, हे वाटेत किती सुपाऱ्या संपतील यावरून सांगितले जायचे. १९०७ मध्ये खासी समाजावर ग्रंथ लिहिणाऱ्या पी. आर. टी. गर्डन या ब्रिटिश अधिकाऱ्याने याची नोंद केली आहे. डोंगरातला चुना असा चालणाऱ्याच्या तोंडातही होता.

गर्डनच्या नोंदींतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग मात्र शिळांबद्दलचा आहे. खासी आणि जैंतिया डोंगरांत रस्त्याच्या कडेला, बाजाराच्या जागी, टेकाडावर उभ्या दगडांच्या रांगा दिसतात. तीन, पाच, सात, अशा बहुधा विषम संख्येत. समोर एखादी आडवी, मेजासारखी शिळा. खासी कुळ आईच्या बाजूने चालते आणि दगडांची मांडणीही तशीच: आडवी शिळा कुळाच्या मूळ स्त्रीची, तर उभ्यांमधली सर्वांत उंच शिळा तिच्या भावाची, म्हणजे कुळाच्या मामाची. मृताचे दहन झाल्यावर हाडे जपून ठेवली जात आणि नंतर मोठा विधी करून कुळाच्या सामाईक दगडी पेटीत नेली जात. या प्रवासाच्या वाटेवरही दगड उभे करत. पेटीकडे निघालेल्या आत्म्याला मध्ये टेकायला जागा हवी, म्हणून. याखेरीज एक तिसरा प्रकार आहे, तो जिवंत माणसांसाठी. पूर्वजाच्या स्मरणार्थ वाटेच्या कडेला सपाट शिळा बसवायची, म्हणजे ओझे घेऊन जाणारा थकला की तिथे बसेल. एकाच वाटेवर मेलेल्यांना आणि चालणाऱ्यांना विसावा देण्याची ही कल्पना मला कुठल्याही भव्य स्मारकापेक्षा मोठी वाटते. आपल्या गावांच्या वेशीवर वीरगळ असतात, विदर्भात नागपूरजवळ जुनापाणीला महापाषाणयुगीन शिळावर्तुळे आहेत. पण ती उभारणारी माणसे काय मानत होती, हे आपल्याला उत्खननातून जुळवावे लागते. खासी डोंगरांत ही परंपरा एकोणिसाव्या शतकापर्यंत जिवंत होती आणि तिचा अर्थ सांगणारी माणसे समोर होती.

सर्वांत मोठा समूह नारतियांगला आहे. हे गाव जैंतिया राजांची उन्हाळी राजधानी होते. जुन्या बाजाराच्या जागी उभ्या-आडव्या शिळांची दाटी आहे. त्यांचा काळ साधारण १५०० ते १८३५ असा सांगितला जातो, आणि १८३५ हेच ब्रिटिशांनी जैंतिया राज्य खालसा केल्याचे वर्ष आहे. सर्वांत उंच शिळा सुमारे ८ मीटरची आहे. मार फालिंकी या अचाट ताकदीच्या माणसाने ती उभी केली असे स्थानिक परंपरा सांगते. वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर १८५० मध्ये या डोंगरांत फिरला तेव्हा तो नारतियांगला गेला आणि तिथल्या शिळांचे चित्रही त्याने प्रसिद्ध केले. त्याने पाहिलेले सगळे दगड आज उभे नाहीत. १२ जून १८९७ च्या भूकंपात खासी डोंगरांतल्या असंख्य शिळा कोसळल्या किंवा मोडल्या. त्या भूकंपाचा अभ्यास करणाऱ्या आर. डी. ओल्डहॅमने पुढे १९०६ मध्ये भूकंपलहरींच्या आधारे पृथ्वीला गाभा असल्याचे मांडले.

डेव्हिड स्कॉटची वाट मधल्या काळातली. १८२६ मध्ये पहिले इंग्रज-बर्मी युद्ध संपून आसाम ब्रिटिशांकडे आला. सिल्हेट आणि आसाम यांच्यामध्ये खासी डोंगर आडवे होते. गव्हर्नर जनरलचा प्रतिनिधी असलेल्या स्कॉटने नाँगख्लावचा सिएम, म्हणजे राजा, तिरोत सिंग याच्याशी बोलणी करून डोंगरांतून रस्ता काढायला घेतला. रस्त्याबरोबर सैन्य येते हे तिरोत सिंगच्या लवकरच ध्यानात आले. एप्रिल १८२९ मध्ये खासींनी नाँगख्लावच्या ब्रिटिश ठाण्यावर हल्ला केला आणि डोंगरांत चार वर्षे लढाई चालली. स्कॉट १८३१ मध्ये चेरापुंजीत वारला. तिरोत सिंगला जानेवारी १८३३ मध्ये शरण जावे लागले आणि १७ जुलै १८३५ रोजी ढाक्यात कैदेत त्याचा मृत्यू झाला. आज मावफ्लांगपासून जो सुमारे १६ किलोमीटरचा टप्पा हौशी लोक चालतात, तो या रस्त्याचा तुकडा आहे. वाटेला नाव स्कॉटचे आहे. चालताना तिरोत सिंगचे नाव घेणारा वाटाड्या सोबत असावा. मावफ्लांगला निघण्यापूर्वी तिथल्या पवित्र रानात जाऊन यावे. आपल्याकडच्या देवरायांसारखाच तिथला नियम आहे, पानसुद्धा बाहेर न्यायचे नाही. विधी जिथे होत त्या जागांवरच्या शिळा आत शेवाळात उभ्या आहेत.

गुहांकडे अभ्यासकांचे लक्ष जायला वेळ लागला. स्थानिकांना त्या ठाऊक होत्याच. सोहऱ्याकडे थ्लेन या नरभक्षक सर्पाची कथा आहे. तो गुहेत राहायचा आणि तापलेले लोखंड तोंडात घालून त्याला मारले. त्याला जिथे कापला असे सांगतात, त्या धबधब्याला आजही त्याचेच नाव आहे. शास्त्रीय नोंद सुरू झाली ती गारो डोंगरांत. १९२२ मध्ये झूलॉजिकल सर्व्हेचे स्टॅन्ली केम्प आणि बी. चोप्रा यांनी सिमसांग नदीकाठच्या सिजू गुहेत वटवाघळांपासून कोळ्यांपर्यंत सुमारे शंभर प्रकारच्या जिवांची नोंद केली. भारतातल्या गुहाजीवनाचा हा पहिला मोठा अभ्यास. त्यानंतर अनेक दशके फारसे काही झाले नाही.

नव्वदच्या दशकात चित्र पालटले. १९९० मध्ये ब्रायन डी. खारप्रान डॅली यांच्या पुढाकाराने शिलाँगमध्ये मेघालय अ‍ॅडव्हेंचरर्स असोसिएशन स्थापन झाली. १९९२ पासून युरोपातले गुहासंशोधक त्यांच्याबरोबर जवळजवळ दर हिवाळ्यात येऊ लागले. मोहिमा फेब्रुवारीच्या सुमारास होतात, कारण पावसाळ्यात हीच भुयारे काठोकाठ भरतात. काम कष्टाचे आहे. गावात विचारपूस करायची, शेतकरी किंवा शिकारी दाखवेल त्या भोकापर्यंत चालायचे आणि मग अंधारात, गळ्यापर्यंतच्या पाण्यातही एकेक टप्पा मोजत नकाशा काढायचा. अशा मोजणीतून हजाराहून जास्त गुहा नोंदल्या गेल्या आहेत. पूर्व जैंतिया डोंगरांतल्या शनाँगरिम भागातली लिआत प्राह ही गुहाप्रणाली ३० किलोमीटरच्या पुढे गेली. २०१८ मध्ये मावसिनरामच्या बाजूला क्रेम पुरीची लांबी साडेचोवीस किलोमीटर भरली. ही गुहा वालुकाश्मातली आहे आणि त्या खडकातली जगातली सर्वांत लांब ठरली.

त्याच वर्षी सोहऱ्याजवळच्या मावम्लुह गुहेचे नाव जगभर झाले. तिथल्या एका लवणस्तंभाच्या थरांत पावसाचा हजारो वर्षांचा हिशेब जमा आहे. ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून त्यात सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीचा तीव्र दुष्काळ वाचता आला. तेव्हापासून आजपर्यंतच्या काळाला भूवैज्ञानिकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ‘मेघालयन’ हे नाव दिले. आपण सगळे त्या काळात जगतो आहोत.

मावम्लुहला सिमेंटचा सरकारी कारखानाही आहे, आणि त्याच्यासाठी त्याच डोंगरातला चुनखडक फोडला गेला. लिंडसेच्या काळात नावा भरणारा दगड आज सिमेंटला जातो. शेला भागातून तर तो सुमारे १७ किलोमीटरच्या सरकत्या पट्ट्यावरून थेट सीमेपलीकडे, बांगलादेशातल्या छातकला पोचतो. चुन्याच्या भट्ट्या होत्या तेच हे गाव. पूर्व जैंतिया डोंगरांत लुमशनाँगला एकवीस किलोमीटरची कोटसाटी-उमलावान गुहा आहे आणि सिमेंट कारखान्यांची गर्दीही तिथेच आहे. मेघालयात जमीन मुख्यतः कुळांची, गावांची आणि व्यक्तींची आहे, सरकारची फार थोडी. त्यामुळे डोंगर विकायचा की राखायचा हे बहुधा गावात ठरते, आणि ज्या घराला दुसरे उत्पन्न नाही त्याला राखा म्हणून सांगणे सोपे नाही. शनाँगरिमच्या परिसरातल्या खाणींविरुद्ध असोसिएशनने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. अशा लढाईत मोजून काढलेला नकाशा हाताशी असतो, कारण जिची लांबी, तोंड आणि दिशा कागदावर नाही ती गुहा सुरुंगाने उडाली तरी गेली हे सिद्ध करता येत नाही.

नोंद करण्यासारखे अजून बरेच उरले आहे. जैंतिया डोंगरांतल्या क्रेम उम लाडाव गुहेत १९९८ च्या मोहिमेत फिकट रंगाचा, अंधारात राहणारा मोठा मासा दिसला होता. २०१९ मध्ये संशोधक पुन्हा तिथे उतरले, आणि २०२३ मध्ये ती नवी जात म्हणून जाहीर झाली. चाळीस सेंटिमीटरहून लांब वाढणारा हा मासा जमिनीखाली राहणाऱ्या माशांमध्ये जगात सर्वांत मोठा आहे. त्या डोंगरांत राहणाऱ्या प्नार लोकांवरून त्याला निओलिसोकायलस प्नार हे नाव मिळाले.