जुन्या हार्डवेअरचा सपोर्ट काढणे

वापरातून गेलेले प्रोसेसर, बस (संगणकाचे भाग जोडणाऱ्या वाहिन्या) किंवा उपकरणे यांच्यासाठी लिहिलेला कोड मुक्तस्रोत प्रकल्पाच्या मुख्य शाखेतून वगळणे, याला सपोर्ट काढणे म्हणतात. याची सर्वाधिक ठळक उदाहरणे लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, सापडतात.

कोड नुसता पडून राहिला तर बिघडले काय, असे वाटणे साहजिक आहे. पण कर्नलमधले एखादे अंतर्गत फंक्शन बदलले, की ते जिथे जिथे वापरले आहे ती प्रत्येक जागा बदल करणाऱ्यालाच दुरुस्त करावी लागते. ज्याचे यंत्र त्याने कधी पाहिलेलेही नाही, त्या ड्रायव्हरमध्येसुद्धा (ड्रायव्हर म्हणजे एखादे उपकरण चालवणारा कोड). दुरुस्ती कंपाइल होते, म्हणजे तिचे यंत्रभाषेत रूपांतर होते, ती चालते का हे मात्र कोणीच तपासत नाही. असे बदल वर्षानुवर्षे साचले, की यादीत असलेला ड्रायव्हर प्रत्यक्षात केव्हाच मोडलेला असू शकतो. शिवाय सुरक्षेचा धोका असतोच. २०१५ मध्ये उघड झालेली ‘व्हेनम’ ही त्रुटी क्यूईएमयू या, संगणकात आभासी संगणक उभे करणाऱ्या प्रोग्रामच्या आभासी फ्लॉपी कंट्रोलरमध्ये होती. फ्लॉपीचा जमाना सरला होता, तरी तिच्यामुळे आभासी यंत्रातून मूळ यंत्रात शिरकाव होण्याची वाट उघडी राहिली होती.

सर्वांत बोलके उदाहरण इंटेल ३८६ चे. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स लिहायला घेतले ते याच प्रोसेसरवर. मेमरीचे पान (ठराविक आकाराचा तुकडा) ‘केवळ वाचनासाठी’ असले, तरी कर्नल स्वतः त्यावर लिहू लागला तर ३८६ त्याला अडवत नसे. दोन प्रक्रियांनी (चालू प्रोग्रामांनी) एकच पान वाटून घ्यायचे आणि कोणी लिहू लागले तरच त्याची वेगळी प्रत काढायची, ही पद्धत नेमकी त्या अडवणुकीवर उभी आहे. त्यामुळे एकट्या ३८६ साठी कर्नलला ही तपासणी स्वतः करावी लागे. ४८६ पासून आलेल्या काही अविभाज्य (मध्येच न तुटता एका दमात पूर्ण होणाऱ्या) सूचनाही ३८६ मध्ये नव्हत्या, त्यांचे पर्याय सांभाळावे लागत. डिसेंबर २०१२ मध्ये हा सपोर्ट काढला गेला आणि ३.८ ही त्याच्याविना आलेली पहिली आवृत्ती ठरली.

निर्णय मात्र वयावर होत नाही. मोटोरोला ६८००० घराण्याचा मूळ प्रोसेसर १९७९ चा, तरी त्या घराण्याचा सपोर्ट आजही कर्नलमध्ये आहे, कारण त्याला मेंटेनर (कोड सांभाळणारे) आहेत. २००१ मध्ये बाजारात आलेले इंटेलचे इटेनियम प्रोसेसर ६.७ आवृत्तीत (जानेवारी २०२४) गेले. २०१८ च्या ४.१७ आवृत्तीत तर आठ आर्किटेक्चर (प्रोसेसरची घराणी) एकदम वगळली गेली आणि सुमारे पाच लाख ओळी कमी झाल्या.

काढण्याआधी सहसा वापरकर्ते व मेंटेनर यांचा शोध घेतला जातो. कोड ‘अनाथ’ म्हणून नोंदवला जातो, काही ड्रायव्हर ‘स्टेजिंग’ (पुरेशा दर्जाला न उतरलेल्या कोडच्या) विभागात हलवतात, आणि तरीही कोणी पुढे आले नाही तर तो काढण्याचा पॅच (कोडमधल्या बदलाचा प्रस्ताव) येतो. कोणी आलेच तर निर्णय फिरतो. जीसीसी कंपायलरने १४ व्या आवृत्तीत इटेनियमचा सपोर्ट काढण्याची सूचना दिली होती, पण सांभाळणारा मिळाल्यावर १५ व्या आवृत्तीत ती मागे घेतली.

काढलेला कोड गिट या, कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनाच्या इतिहासात शाबूत राहतो. एच८/३०० या प्रोसेसर घराण्याचा सपोर्ट एकदा काढला गेला, २०१५ मध्ये ४.२ आवृत्तीत नव्याने लिहून परत आला आणि २०२२ मध्ये ५.१९ आवृत्तीत पुन्हा गेला. इटेनियमची यंत्रे बाळगणाऱ्यांसाठी ६.६ ही शेवटची दीर्घकालीन (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी) आवृत्ती आहे.